फुटक्या टाइल्स आणि पडीक जागा



कलेवर बोला, असे मला सांगण्यात आले, तेव्हा कार्यकर्त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, मी ताजमहालापासून सुरुवात करीन. ती मी करणार नाही. मी आपणांस एका उकिरड्याकडे नेणार आहे. हा उकिरडा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागातला.

या भागात एके काळी गिरण्या-कारखाने होते. ते बंद पडले, आणि ज्यांना जाणे शक्य होते ती माणसे निघून गेली. मागे राहिली ती मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे. ओस पडलेली घरे पाडली गेली, आणि पडलेल्या दातांसारखी घराघरांत रिकामी जागा दिसू लागली. तिथे विटामातीचे ढीग, काचा आणि कोपऱ्यावर अमली पदार्थांचा धंदा.

या वस्तीत आर्थर हॉल या कृष्णवर्णीय नर्तकाची संस्था होती. शेजारच्या अशाच एका पडीक तुकड्याचे काही करता येईल का, असे त्याने 1986 साली लिली येह या चित्रकर्तीला विचारले. या बाई चीनमध्ये जन्मलेल्या, तैवानात वाढलेल्या, 1963 साली अमेरिकेत शिकायला आलेल्या आणि पुढे तिथेच कला शिकविणाऱ्या. हाताशी पैसा होता फक्त 2,500 डॉलर. जाणकारांनी त्यांना बजावले की, एवढ्या रकमेत काही होत नाही, तुम्ही परक्या आहात, आणि केलेत तरी मुले मोडून टाकतील. बाई घाबरल्या. पळून जावेसे वाटले, हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे.

पण त्या गेल्या. पहिली आली ती मुले. ज्यांच्याविषयी बजावण्यात आले होते तीच! बाईंनी काठीने जमिनीवर एक मोठे वर्तुळ आखले आणि हा आपला मध्य, असे ठरवून कामाला सुरुवात केली. शेजारी राहणारा जोजो नावाचा इसम मदतीला आला. राडारोड्यात खरी झाडे जगणे कठीण, म्हणून सिमेंट-काँक्रीटची झाडे उभारली. पुढे जेम्स मॅक्स्टन आला. त्याला सारे ‘बिग मॅन’ म्हणत, कारण माणूसच तसा धिप्पाड. तो स्वतः व्यसनी होता, त्या धंद्यातही होता. बाईंनी त्याला मोझॅक, म्हणजे टाइल्सचे तुकडे जोडून नक्षी करण्याची कला शिकविली. त्याचे व्यसन सुटले, आणि अखेरीस तोच मुलांना हे काम शिकवू लागला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मोझॅकला आधी कुणाचा हात सुंदर वळणाचा असावा लागत नाही. फुटक्या टाइल्स, सिमेंट आणि बसून तुकडे लावण्याचा धीर एवढे पुरते. आठ वर्षांचा मुलगा लावील, आजीबाई लावतील. आणि आपण लावलेला तुकडा नेमका कुठे आहे, हे प्रत्येकाला कायम ठाऊक असते. पगारी रंगाऱ्याने रंगविलेल्या भिंतीवर पिचकारी मारणारा माणूस आपल्या मुलाने लावलेल्या तुकड्यावर थुंकण्याआधी विचार करतो. लोकसहभाग या जड शब्दाचा अर्थ मला तरी एवढाच समजतो.

आपल्यापैकी काही पालकांना चित्रकलेच्या तासाविषयी संकोच असतो. मी त्याचा अनादर करीत नाही. पण याच वस्तीतल्या एका बागेची कल्पना चिनी उद्यानांइतकीच इस्लामी वास्तूंच्या अंगणांवरूनही सुचलेली आहे. कंपास आणि पट्टी घेऊन वर्तुळातून तारा व ताऱ्यातून जाळी काढणारे कारागीर आपल्या परंपरेत थोडे झाले काय?

1989 साली या कामाला संस्थेचे रूप आले. शंभराहून अधिक पडीक जागांच्या बागा झाल्या, काही पडकी घरे दुरुस्त झाली, शाळेनंतरचे वर्ग आणि वस्तीतल्याच माणसांची नाटके सुरू झाली. 2004 साली बाई तिथून बाहेर पडल्या, तरी संस्था चालूच राहिली. मला विचाराल तर खरी परीक्षा हीच. त्याच वर्षी त्या रवांडात गेल्या आणि 1994 च्या नरसंहारातून वाचलेल्यांसह रुगेरेरो येथे मृतांचे स्मारक उभारू लागल्या. तिथेही पद्धत तीच. आप्त गमावलेल्यांच्या हातांनीच तुकडे बसले.

आता कुणी म्हणेल, भिंत रंगवून पोट भरते का? नाही भरत. उत्तर फिलाडेल्फियाचे बंद कारखाने काही बागांमुळे उघडले नाहीत, आणि तिथली गरिबी आजही पुष्कळ आहे. कलेने सारे साधते, असे सांगणाऱ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. परंतु चार माणसे एका कामासाठी जमली की दुसरे काम काढणे सोपे जाते, हे आपली संस्था वर्गणी गोळा करून उभारणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी काय सांगावे!

म्हणून माझी विनंती एवढीच. शाळेच्या कुंपणाची भिंत पुढच्या वर्षी सुशोभित करावयाची आहे, असे ऐकतो. तिचे कंत्राट देऊ नका. घराघरांतून फुटक्या कपबश्या, उरलेल्या टाइल्स मागवा. गवंडीकाम करणारे पालक आहेत, त्यांना मुलांचे उस्ताद करा. नक्षी वेडीवाकडी येईल, एखादा तुकडा उलटा बसेल, उद्घाटनाला जरा उशीरही होईल. आणि भिंतीची कोणती बाजू आधी घ्यावी, हे समितीत ठरविण्यापूर्वी मुलांना विचारा. कचरा कोण, केव्हा आणि कुठून टाकतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.