आधी घाट ठरवा, मग गाव



शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली, की सांगलीतल्या निम्म्या कट्ट्यांवर एकच विषय निघतो: कोकणात जायचं. कुणी गणपतीपुळे म्हणतं, कुणी तारकर्ली. एखादा मोबाईलवरचा निळाशार किनारा सगळ्यांच्या नाकासमोर नाचवतो आणि ‘इथंच जायचं’ म्हणून हटून बसतो. माझं म्हणणं जरा उलटं आहे. सांगली-साताऱ्याहून निघणाऱ्यानं आधी घाट ठरवावा. गाव आपोआप ठरतं.

आपल्या आणि समुद्राच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. मिरज एवढं मोठं जंक्शन, पण तिथून सरळ कोकणात उतरणारा रूळ नाही. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचं नाव मात्र आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. तेव्हा एसटी नाहीतर आपली गाडी, आणि दोन्हींना घाट चुकत नाही. सांगली, कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाट उतरलात की साखरप्यावरून रत्नागिरी, गणपतीपुळे. गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा उतरलात तर वैभववाडी, कणकवली, पुढे मालवण. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असे गेलात तरी कणकवलीच. आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी, वेंगुर्ला, शिरोडा. कराड-पाटणच्या मंडळींना कुंभार्ली घाट सोयीचा, तो चिपळूणला आणि तिथून गुहागरला नेतो. वाई-महाबळेश्वरकडच्यांनी आंबेनळी उतरून पोलादपूर, खेड, दापोली गाठावी.

यात किलोमीटर मोजू नका, तास मोजा. सांगली ते गणपतीपुळे अंतर दोनशेच्या आतबाहेर, पण पाच तास तरी धरा. पावसाळ्यात घाटात धुकं, आणि गळीत हंगामात घाटाच्या अलीकडेच उसाच्या ट्रॉल्या. शिवाय घाट बंदही पडतात. 2024 मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी महिनोन्महिने बंद होता आणि खोली आधीच ठरवून ठेवलेल्या मंडळींना ऐनवेळी दुसरी वाट धरावी लागली. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्या घाटाची बातमी काढा.

तीन दिवसांच्या सुट्टीतले पाच तास जाण्यात, पाच येण्यात. हातात उरतो दीड दिवस, फार तर दोन. तेवढ्यात गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण आणि ‘जमलं तर गोवा’ असा बेत आखणारे मित्र प्रत्येक टोळीत असतात. त्यांचं प्रेमानं ऐकून घ्या आणि एकाच गावात दोन मुक्काम करा.

कोणत्या गावात, हे महिन्यावर आहे. 15 ऑगस्टची सुट्टी घ्या. मालवणला जाऊन सिंधुदुर्ग पाहायचा असं ठरवून निघालात तर बंदरावर उभे राहूनच परत याल. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, समुद्राच्या पोटात डुबकी मारायचे खेळही बंद. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर होड्या पाण्यात लोटायचा रिवाज आहे, म्हणजे ताज्या मासळीचीही खात्री नाही. बहुतेक वर्षी 15 ऑगस्टला श्रावणच असतो, निम्म्या मित्रांचं मासे खाणं तसंही बंद असतं.

म्हणून ऑगस्टात माझं मत गुहागरला. सांगलीहून ते थोडं लांब पडतं, पण कराडहून कोयनानगर, कुंभार्ली हा रस्ता पावसात पाहण्यासारखा आहे, आणि त्या दिवसांत समुद्रापेक्षा रस्त्याचीच मजा जास्त. गुहागर गाव लांबट, एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की किनारा. व्याडेश्वराचं मोठं देऊळ गावातच आहे. इथल्या घरगुती खानावळीत उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, आंबोळी असं शाकाहारी जेवण उत्तम मिळतं, त्यामुळे श्रावण पाळणाऱ्यांची कुचंबणा होत नाही. जवळच हेदवीला दशभुजा गणेशाचं देऊळ आहे आणि किनाऱ्यावर बामणघळ, म्हणजे खडकातली चीर. भरतीला लाटा तिच्यात घुसतात आणि पाणी उंच उसळतं. ते लांबूनच पाहा, पावसाळ्यात खडक शेवाळलेले असतात.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत मालवण. सिंधुदुर्गाचं बांधकाम शिवाजी महाराजांनी 1664 साली सुरू केलं, आणि तो पाहायला सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एकीत बसावं. अकरानंतर जोडसुट्टीत धक्क्यावर जी रांग लागते, तीत गप्पा आटतात आणि भांडणं सुरू होतात.

ज्यांना काही ‘करायचं’ नाही, नुसतं बसायचं आहे, त्यांना मी शिरोडा सुचवतो. सांगलीकरांचा त्या गावाशी जुना धागा आहे. वि. स. खांडेकर 1898 साली आपल्या सांगलीत जन्मले आणि 1920 ते 1938 अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. 1930 चा मिठाचा सत्याग्रहही तिथलाच. मिठागरं, सुरूची झाडं, वेळागरचा लांब किनारा, आणि मालवणच्या मानानं गर्दी कमी. पलीकडे तेरेखोलच्या खाडीपाशी गोवा सुरू होतो. ज्यांना शिरोड्याचं नाव काढताच हीच गोष्ट आधी आठवते, त्यांनी परतताना इन्सुलीचा दारूचा तपासणी नाकाही आठवावा.

गणपतीपुळ्याला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे आणि मालगुंडचं केशवसुतांचं जन्मघर हाकेच्या अंतरावर. फक्त सुट्टीला जोडून अंगारकी येत असेल, तर दर्शनाची रांग आणि राहायची खोली या दोन्हींचा विचार आधी करा.

आता पाण्याविषयी. आपली पोरं कृष्णेत पोहून तयार झालेली, पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या टाकणारी. त्यांनाच मला सांगायचंय. नदीची ओढ एकाच दिशेला, म्हणून ती ओळखू येते. समुद्रात लाट तुम्हाला किनाऱ्याकडे आणते आणि परतणारं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं आत नेतं. त्या पट्ट्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत बसू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. पट्टा संपला की लाटच बाहेर आणते. ओहोटी लागल्यावर पाण्यात जाऊच नका.

ओहोटी कधी, हे घरातल्या दिनदर्शिकेवरून काढता येतं. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे चतुर्थीला दुपारी तीन आणि पहाटे तीन, अशी दोन्ही वेळा पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. तासाभराचा फरक धरून चाला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं, तर अष्टमीच्या सुमाराला भांग, त्या दिवसांत चढउतार कमी. आणि तरीही शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या माणसाचा. तो नको म्हणाला, की नको.

राहायची सोय आठ-पंधरा दिवस आधी फोनवर पक्की करा. पर्यटन महामंडळाची निवासं जोडसुट्टीत लवकर भरतात, घरगुती सोय मात्र विचारलं तर मिळते. फोनवर भाव विचारतो आपण सगळेच. त्यासोबत हेही विचारा: मासळी खाणारे किती आणि न खाणारे किती, हे सांगितल्यावर दोन्ही स्वयंपाक होतील का? गाडी दारापर्यंत येते का? आणि जेवण किती वाजेपर्यंत? कोकणातल्या घरगुती खानावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो आणि नवाच्या सुमाराला चूल विझते. घाटात भजी खात रेंगाळून रात्री दहाला पोचणार असाल, तर तसं संध्याकाळीच कळवा. नाहीतर कोल्हापुरातून बांधून घेतलेला फरसाण तेवढा हाताशी राहू द्या.