वडगावचे थोरात
(रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण)



कमिटीने मला सांगितलं, "सुभेदारसाहेब, एखाद्या मोठ्या जनरलवर बोला, पण लवकर आटपा, वडे गार होतात." माणेकशांवर सिनेमा निघाला, ते पोरांनाही ठाऊक आहेत. म्हणून मी आज आपल्या कोल्हापूरकडचा माणूस निवडला : लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत सगळे त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणूनच ओळखतात.

जन्म १९०६ सालचा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये अधिकारी झाले. तेव्हा तिथे हिंदी मुलांना अगदी मोजक्या जागा असत. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात, आराकान किनाऱ्यावर, कांगावची लढाई झाली. एका ब्रिगेडमध्ये तीन पलटणी आणि तिघांचेही कमांडर हिंदी : थिमय्या, सेन आणि थोरात. जपान्यांशी अगदी संगिनीपर्यंत लढाई गेली. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता कोरिया. १९५३ च्या जुलैमध्ये तिथलं युद्ध थांबलं, पण बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणाले, आम्हाला मायदेशी जायचं नाही. त्यांना सांभाळायला दोन्ही बाजूंना चालेल असा पाहुणा हवा, म्हणून भारताची फौज गेली. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री आपल्या जवानांना जमिनीवर पाय ठेवू देईनात! मग बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट छावणीच्या पट्ट्यात उतरवावं लागलं.

सप्टेंबरमध्ये एका गोटातल्या चिनी कैद्यांनी आपल्या मेजर ग्रेवाल यांना आत ओढून ओलीस धरलं. बाहेर आपले जवान बंदुका रोखून उभे. गोळी चालवावी तर ग्रेवाल जाणार, शेकडो कैदीही मरणार. थोरात मूठभर सोबती घेऊन सरळ त्या जमावात शिरले. ग्रेवाल समोर बसलेले दिसले. आरडाओरडा चालला होता, आणि या गृहस्थाने पाहुणचाराचा विषय काढला! चिनी माणसं एवढी अगत्यशील म्हणतात, आणि इथे कुणी साधं चहा-सिगारेटचंही विचारत नाही, असं म्हणून त्यांना चिडवलं. जमाव हसला आणि तिथेच राग उतरला. ग्रेवाल सुखरूप बाहेर आले. मी स्वतः सिग्नल्समध्ये नोकरी केली, त्यामुळे सांगतो : गोळीबाराचा हुकूम तोंडावर असताना तो गिळणं फार अवघड असतं. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. १९५७ पासून ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते, मुख्यालय लखनौला. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लिहून दिलं की चीन ईशान्येकडून येऊ शकतो आणि आपल्याकडे तिथे माणसं, रस्ते, रसद काहीच पुरेसं नाही. सीमारेषेवर चिकटून बसू नये, मागे बोमडिलाच्या बाजूला लढावं. म्हणजे आपली रसद जवळ राहील आणि शत्रूची लांबेल. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र उडवून लावलं. चीनशी आपण बोलणी करून निभावू, असं त्यांचं मत. थोरातांनी मग १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन तेच पुन्हा दाखवलं. कागद कपाटात गेला. (आपल्या सोसायटीतल्या गळतीच्या अर्जांसारखा. हसू नका, सेक्रेटरीसाहेब.)

थिमय्यांनी आपल्या मागे थोरातांचं नाव सुचवलं होतं, पण १९६१ मध्ये लष्करप्रमुख झाले थापर. थोरात निवृत्त झाले, आणि ईस्टर्न कमांड आली कांगावच्या जुन्या सोबत्याकडे, सेन यांच्याकडे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीन आला. महिन्याभरात बोमडिला पडलं. आपली पोरं सुती कपड्यांत त्या थंडीत उभी होती.

थोरातांचं ऐकलं असतं तर जिंकलोच असतो, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण एवढी माणसं अशी हकनाक गेली नसती, हे माझं मत आहे. लढाई चालू असताना पंडितजींनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतलं, तेव्हा तो अहवाल आपल्यापर्यंत आलाच नव्हता, हे पंतप्रधानांना कळलं!

पुढे थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. १९९२ मध्ये ते गेले. त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र, 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट', माझ्याकडे आहे. उद्या ते सोसायटीच्या वाचनालयात ठेवतो. कोरियाचं प्रकरण आधी वाचा, आणि पानांचे कोपरे मात्र दुमडू नका.

जय हिंद. चला, वडे आले वाटतं.