नागीण गेली, आग राहिली



मी डॉक्टर नव्हे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेता घेता जे वाचले, तेवढेच माझे शिक्षण. पण आजचा विषय मी अंगावर भोगला आहे.

माझ्या बरगडीवर नागीण उठली. घरी गेरूचा लेप झाला. विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, या भीतीने आई रात्रभर जागली. मी दगावलो नाही. खपल्या गेल्या, पण आग राहिली. सदऱ्याचा स्पर्शही सोसवेना. आमच्या एका सोबत्याला हेच झाले. त्याने रजा मागितली, तेव्हा त्याला विचारले गेले, "अंगावर फोड नाही, मग दुखते कोठे?"

दुखते ते मज्जातंतूत. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू तंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय वाढले, शक्ती घटली की पुन्हा उठतो आणि तंतूला इजा करून जातो. त्वचा भरून येते, तंतू भरून येत नाही.

मग उपाय कोणता? साध्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा चालत नाहीत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही जुनी व स्वस्त गोळी. मज्जातंतूंच्या वेदनांवरील प्रयोगांचा २०१५ साली जो ताळा मांडला गेला, त्यात या वर्गातील औषधांनी सुमारे चारांत एकाची वेदना निम्म्यावर आली. प्रीगाबालिनने सात-आठांत एकाची. म्हणजे जुनी गोळी जिंकली काय? थांबा! तिने तोंड कोरडे पडते, लघवी अडते; म्हाताऱ्याच्या हृदयालाही ती जपून द्यावी लागते. प्रीगाबालिन व गॅबापेंटिनने गुंगी व चक्कर येते, आणि मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते. यंत्रावर उभ्या राहणाऱ्याने किंवा आपल्या सारसोळ्याच्या खाडीत होडी घालणाऱ्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. लिडोकेनची पट्टी दुखऱ्या जागेपुरतीच काम करते, म्हणून वृद्धांना सोसते. मिरचीतील तिखट द्रव्याचे मलमही आहे. ते आधी झोंबते आणि उघड्या जखमेवर चालत नाही.

वाटाघाटीत आम्ही नुसता पगाराचा आकडा पाहत नाही. त्याबद्दल काय द्यावे लागते तेही पाहतो. औषधाचा करारही तसाच तपासावा. एक लागू पडले नाही तर दुसरे मागावे, पण आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

फोड दिसताच ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठावा. विषाणूवरील गोळ्या तेव्हाच खऱ्या उपयोगी. पन्नाशी उलटलेल्यांसाठी दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात आली आहे. ती महाग आहे, म्हणून ती मिळवणे हीही एक मागणीच आहे.

आणि ज्याच्या अंगावर डाग नाही, त्याचे दुखणे खोटे मानू नका. एवढे मान्य झाले, तरी अर्धा संप आपण जिंकला!