मूत्राचा रंग काय सांगतो?

मूत्र हा शब्द चारचौघांत उच्चारावयाचा नाहीं, असा आपल्याकडील शिष्टाचार आहे. जुन्या वैद्यांनीं मात्र हा संकोच पाळला नाहीं. ‘योगरत्नाकर’ या ग्रंथांत रोग्याच्या ज्या आठ परीक्षा सांगितल्या आहेत, त्यांत नाडीच्या पाठोपाठ मूत्राचाच क्रमांक लागतो. मूत्र भांड्यांत घेऊन त्यांत तेलाचा थेंब सोडावा, आणि तो कसा पसरतो तें पाहून रोग साध्य कीं असाध्य हें ठरवावें, असा विधि तेथें दिला आहे. युरोपांतहि १४९१ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या एका वैद्यकग्रंथांत मूत्राच्या निरनिराळ्या रंगांचें चक्रच काढलेलें आढळतें. पुढें तिकडे रोग्याचें तोंडहि न पाहतां केवळ काचेची कुपी उजेडांत धरून भविष्य सांगणारे भोंदू इतके माजले कीं, १६३७ सालीं टॉमस ब्रायन याला त्यांच्याविरुद्ध पुस्तक लिहावें लागलें. तेलाच्या थेंबावरून आयुष्य मोजणें आज कोणी शास्त्र म्हणून मानीत नाहीं. परंतु रंगाकडे लक्ष द्यावें, एवढी त्या जुन्या लोकांची गोष्ट खरी ठरली आहे.

हा पिवळा रंग मुळांत येतो रक्तांतून. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. त्या मोडल्या म्हणजे त्यांतील रंगद्रव्यापासून बिलिरुबिन तयार होतें, आणि यकृत तें पित्तावाटे आंतड्यांत सोडतें. तेथील जंतु त्याचें रूपांतर एका बिनरंगी द्रव्यांत करतात. त्याचा कांहीं अंश पुन्हा रक्तांत शोषला जाऊन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो, आणि प्राणवायूशीं संयोग पावून पिवळा होतो. जंतु हें काम कोणत्या एन्झाइमच्या साह्यानें करतात, याचा उलगडा अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनीं केला, तो २०२४ सालीं. इतकी रोजच्या पाहण्यांतली वस्तु, पण तिचें कोडें सुटावयास एवढा काळ लागला!

हें रंगद्रव्य दिवसाकाठीं जवळजवळ सारखेंच तयार होतें. कमीजास्त होतें तें पाणी. म्हणून फिका किंवा गडद पिवळा रंग ही बहुधा पाण्याची वार्ता असते. वैशाखाच्या उन्हांत राबणारा मजूर दुपारीं "उन्हाळी लागली" म्हणून तक्रार करतो, त्या वेळीं त्याचें मूत्र गडद व थोडें असतें. पोटभर पाणी पिऊन व सावलींत बसून तें कांहीं तासांत निवळलें, तर चिंतेचें कारण नाहीं. बीट खाल्ल्यानें येणारी लाली किंवा बी जीवनसत्त्वाच्या गोळीनें येणारा झगझगीत पिवळेपणा हींहि निरुपद्रवीच. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधानें मूत्र नारिंगी होतें. हें अगोदर न सांगितल्यास रोगी घाबरून औषध टाकतो, आणि अर्धवट सोडलेला क्षय पुढें अधिक चिवट होऊन उलटतो. तेव्हां हा खुलासा औषध देणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं करावयास हवा.

पाणी पिऊनहि मूत्र काळ्या चहासारखें राहिलें, धोतरावर पिवळे डाग पडूं लागले, डोळे पिवळे दिसले, तर ती कावीळ होय. त्यांतच शौचाचा रंग पांढुरक्या मातीसारखा झाला, तर पित्ताची वाट खड्यानें किंवा गांठीनें अडली असण्याचा संभव असतो. अशा वेळीं कावीळ ‘उतरविणाऱ्या’कडे जाण्याची चाल खेड्यांत आहे आणि शहरांतहि आहे. त्याचा लौकिक कां टिकतो, हें समजण्यासारखें आहे: दूषित पाण्यानें होणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतींत आपोआपच ओसरते, आणि श्रेय मंतरलेल्या पाण्याला मिळतें. पण अडलेली पित्ताची वाट मंत्रानें मोकळी होत नाहीं. पावसाळ्यांत चिखलपाण्यांतून चाललेल्या माणसाला ताप येऊन डोळे पिवळे झाले व लघवी कमी होऊं लागली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें लागतें. २००५ सालच्या जुलैंतील महापुरानंतर मुंबईनें या रोगाचा फटका चांगलाच अनुभवला.

सर्वांत फसवा रंग तांबडा. मूतखड्यामुळें रक्त आलें तर बहुधा कळा येतात, आणि वेदना माणसाला आपणच वैद्याच्या दारीं नेते. पण पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला एके सकाळीं मूत्र मांस धुतलेल्या पाण्यासारखें दिसतें. दुखत कांहींच नाहीं. दुसऱ्या दिवशीं रंग पूर्ववत् होतो. तो समजतो, उष्णता होती, गेली. घरांत बोलावयाचा तर संकोच, आणि मोरींत तांब्याभर पाणी ओतलें कीं पुरावाहि वाहून जातो. दोनतीन महिन्यांनीं तोच प्रकार पुन्हा घडतो व पुन्हा थांबतो. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदां अशीच असते. रक्त थांबणें म्हणजे रोग थांबणें नव्हे.

या रोगाचें एक कारण १८९५ सालीं जर्मनींतील शस्त्रवैद्य लुडविग रेन यानें रंगाच्या कारखान्यांतील कामगार पाहून उजेडांत आणलें. आज त्याचें सर्वांत मोठें कारण विडी-सिगारेट हें आहे. धुरांतील विषारी द्रव्यें रक्तांतून मूत्रांत उतरतात आणि मूत्राशयांत तासन् तास सांचून राहतात. म्हणून विडी ओढणाऱ्यानें तर असें रक्त एकदांच दिसलें तरी पुरेसें समजावें.

तपासणी फार भयंकर नसते. प्रथम मूत्र तपासतात, मग सोनोग्राफी करतात, आणि जरूर पडल्यास दिवा असलेली बारीक नळी मूत्रमार्गानें आंत घालून मूत्राशयाची भिंत डोळ्यांनीं पाहतात. गांठ वरवरची असतांना सांपडली, तर पोट न फाडतां त्याच मार्गानें ती खरवडून काढतां येते. ती पुन्हा उगवण्याची खोड असल्यामुळें पुढें कांहीं वर्षें ठरल्या मुदतीनें नळी घालून पाहात राहावें लागतें.