डिकीतला खर्ज

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून बऱ्याच जणांनी माझ्या गाडीच्या डिकीत डोकावून "ही पेटी कसली?" असं विचारलं. संयोजकांनी मग सांगितलं, "सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, पेटीवरच बोल." तर ही सबवूफरची पेटी आहे. ती मी स्वतः केली आहे, आणि तिचं गणित याच शाळेत शिकले आहे.

माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. नर्सीला तुमच्यापैकी काहींनी त्यांना ऐकलंही असेल. ते गेल्यावर कपाटात त्यांच्या भजनाची एक कॅसेट सापडली. ती मी संगणकावर उतरवून घेतली आणि फोनवर लावली. अभंग ऐकू आला, टाळ ऐकू आले, पखवाजाची शाईची बाजूही ऐकू आली. पण बाबांचा डावा हात कुठेच नव्हता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिच्या वजनाने आवाज खाली उतरतो, खर्जात जातो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. अर्धं वादन कॅसेटमध्ये होतं आणि माझ्या कानापर्यंत येत नव्हतं.

आता सरांचा तास आठवा. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. ४५ हर्ट्झचा आवाज घेतला तर एक लाट साडेसात मीटर लांब भरते. एवढी लाट उठवायला हवा भरपूर हलवावी लागते. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरचा पडदा चौपट हलावा लागतो. म्हणून वूफर मोठा असतो.

मग पेटी कशाला? पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. वूफर उघडा ठेवला तर पुढचा दाब वळसा घालून मागे जातो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. नुसता वूफर हातात धरून वाजवून बघा, पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मागची हवा कोंडली की तोच वूफर बोलू लागतो.

पेटी किती मोठी करायची, यालाही हिशोब आहे. त्याचा पाया ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात घातला. माझ्या दहा इंची वूफरच्या कागदावर तीन आकडे होते : क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर आणि स्वतःची वारंवारता ३२ हर्ट्झ. बंद पेटीत एकूण क्यू ०.७ च्या आसपास ठेवला की आवाज ना गुबगुबीत होतो, ना कोरडा. ०.७ ला ०.५ ने भागून वर्ग केला की जवळपास २ येतात. त्यातून १ वजा करायचा आणि उरलेल्या १ ने ३० लिटरला भागायचं. उत्तर ३० लिटर. अशा पेटीत वूफरची वारंवारता ४५ हर्ट्झवर चढते. हे सारं आठवी-नववीचं गणित आहे.

आतली मापं ठरली ४० बाय ३० बाय साडेसत्तावीस सेंटिमीटर, म्हणजे ३३ लिटर. तीन लिटर वूफरचं मागचं अंग आणि आतला आडवा टेकू खातात.

आपल्या वेळी कार्यानुभवात मुलींच्या वाट्याला शिवणकाम यायचं. बाईंनी शिकवलं होतं, आधी कागदावर बेतायचं, मग कात्री लावायची. मी पेटी आधी पुठ्ठ्यात बेतली आणि डिकीत बसवून पाहिली. स्टेपनी काढता येते ना, डिकीचं दार लागतं ना, हे बघितलं आणि मगच सुतारकाकांच्या कारखान्यात गेले. १८ एमएमचं प्लायवूड कापायला त्यांनी मशीन दिलं, माप आणि हात माझे. प्रत्येक सांध्याला फेविकॉल, बोटाबोटावर स्क्रू आणि आतून सिलिकॉन. मग वूफर बसवून खालचा सूर लावला आणि सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. फट असेल तिथे धूर थरथरतो.

वूफरसह पेटीचं वजन चौदा किलो भरलं. जोरात ब्रेक लागला तर एवढं वजन मागच्या सीटवरच्या माणसांवर येईल. म्हणून ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळली आहे. दुसरी काळजी वायरिंगची. ३०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात १२ व्होल्टवर ३० अँपिअरच्या घरात करंट ओढतो. वायर जाड तांब्याची हवी आणि फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. तो मागे ॲम्प्लिफायरजवळ असेल, तर मधे कुठे वायर घासली तरी तो उडणार नाही आणि गाडी पेटेल. पोरं गाडीत वूफर बसवून आणतील तेव्हा एवढं नक्की तपासा.

बंद गाडीत आणखी एक फायदा होतो. आतली लांबी तीन मीटरही नसते, साडेसात मीटरची लाट तिथे मावत नाही. मग सायकलच्या पंपातल्यासारखा सगळ्या हवेचा दाबच कमी-जास्त होतो. बंद पेटीचा आवाज जिथे उतरायला लागतो तिथेच गाडी त्याला उचलून धरते. ॲम्प्लिफायर थोडासाच उघडला तरी पुरतं.

तशी ती कॅसेट लावली. डावा हात आला. काच थरथरली नाही, छातीत धडधडलं नाही. अभंगाच्या खाली कोणीतरी बसलंय, एवढंच कळलं. आई मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, "आवाज वाढवू नको, आहे तेवढाच ठेव."

खर्ज म्हणजे दणका नव्हे. आपल्याकडे वरातीत डीजेची भिंत उभी राहते आणि तिच्यापुढे चार-पाच वर्षांची लेकरं नाचतात. कानासाठी ८५ डेसिबल आठ तास ही कमाल मर्यादा मानतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ज्या कानांनी आजोबांचा पखवाज ऐकायचा, ते कान आपण वरातीतच घालवतो आहोत.

आणि हे आपल्या जिल्ह्यात होऊ नये. आपण दहावी झालो तेव्हा हिंगोली हा परभणीतला तालुका होता, जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आज त्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेसर फिरणार आणि प्रोटॉनहूनही कितीतरी बारीक हालचाल मोजणार. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पहिली गुरुत्वीय लहर टिपली. ती ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. तो ध्वनी नव्हता, पण वारंवारता खर्जाचीच. ती टिपायला लागते शांत जमीन. आपल्याकडची जागा निवडण्यामागे जमिनीची ही शांतता एक मोठं कारण आहे.

म्हणून दोन विनंत्या. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आपण निधी जमवतो आहोत, त्यातून एक डेसिबल मीटर आणि सुतारकामाची हत्यारं घेऊ या. ती मुलामुलींच्या दोघांच्या हातात जावीत. दुसरी विनंती संध्याकाळच्या कार्यक्रमाची. साउंडवाल्याला ८५ च्या आत राहायला सांगू या. सर पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांना आपलं बोलणं नीट ऐकू यायला हवं.