सह्याद्रीचे सुळके



नाणेघाटाजवळची वानरलिंगी किंवा रायगडासमोरचा लिंगाणा पाहिला की वाटते, हा सुळका कोणी जमिनीतून वर ढकलला असावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सुळका वर आलेला नाही. त्याच्या भोवतीचा डोंगर निघून गेला आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसून आपला काळा पाषाण झाला. हे थर सारखे नाहीत. काही घट्ट, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. पाऊस ठिसूळ थर आधी पोखरतो. मग वरच्या घट्ट थराचा आधार सुटतो आणि तो उभ्या भेगांवर तुटून कोसळतो. म्हणून आपले कडे ताशीव दिसतात. दोन्ही बाजूंच्या दऱ्या मागे सरकत आल्या की डोंगराची सोंड मुख्य रांगेपासून तुटते. मागे उरतो तो सुळका. ऑस्ट्रेलियातील उलुरू वालुकाश्माचा आहे, पण झिजेतून एकटे उरण्याचा न्याय तोच.

आता आरोहकाला त्याची ओढ का? गडाला वाट असते. सुळक्याची वाट शोधावी लागते. ज्या भेगेत पाणी शिरून खडक फोडते, तीच भेग त्याच्या बोटांना आधार देते. त्याचा आधार आणि त्याचे संकट यांचे मूळ एकच. म्हणून अनुभवी माणूस प्रत्येक दगड हाताने ठोकून पाहतो, पोकळ आवाज आला तर त्यावर भार टाकीत नाही, आणि पावसाळ्यात सुळक्याला हात लावीत नाही.

पण ही झीज केवळ आरोहकापुरती नाही. नेढ्यासाठी प्रसिद्ध असलेला इर्शाळगड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. कित्येक माणसे मातीखालीच राहिली. वाडीला मोटाररस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना डोंगर चढूनच जावे लागले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले होते.

तेव्हा तरुण मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे: तुम्ही डोंगराच्या भेगा वाचावयास शिकला आहात. उतारावर नवी भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पायथ्याच्या वाडीत थांबा, तेथील जाणत्यांशी बोला आणि तहसीलदारांच्या कानावर घाला. माथा गाठण्याइतकेच हेही तुमचे काम आहे.