पहिल्या बालवाडीचे पहिले पंधरा दिवस



या सभागृहातल्या बऱ्याच जणांची मुलं-सुना, लेकी-जावई आज जर्मनीत आहेत. कुणी म्युनिकला, कुणी स्टुटगार्टला, कुणी बर्लिनला. रविवारी व्हिडिओ कॉल लागतो, नातवंड समोर येतं आणि आपण विचारतो, "आज शाळेत काय शिकवलं?" ते सांगतं, "चिखलात खेळलो." मग नातवंडाला बाजूला करून आपण सुनेला विचारतो, "अगं, साडेतीन वर्षांचा झाला, अजून पाटी-पेन्सिल नाही?" या प्रश्नामागची काळजी खरी आहे, आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं. मी बरीच वर्षं म्युनिकला राहिले, नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर बालवाड्या पाहत फिरले. त्यावरून माझं जे मत झालं तेवढंच आज मांडते. परदेशात मुलाची पहिली बालवाडी निवडताना तिथे काय शिकवतात हा प्रश्न मागे ठेवावा. मुलाला आईपासून वेगळं कसं करतात, हे आधी विचारावं.

तिथली व्यवस्था थोडक्यात सांगते. सगळे तिला किटा म्हणतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या गटाला क्रिपे म्हणतात, तीन ते सहाच्या गटाला किंडरगार्टन. शाळा सुरू होते ती सहाव्या वर्षी, आणि किटा म्हणजे शाळा नव्हे. काही किटा नगरपालिका चालवते, काही चर्चच्या संस्था, काही पालकांनी एकत्र येऊन काढलेल्या असतात. चर्चच्या किटामध्ये सर्व धर्मांची मुलं असतात, त्यामुळे नुसतं नाव पाहून ती वगळू नये. किंडरगार्टनमध्ये जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १९९६पासून आहे, आणि १ ऑगस्ट २०१३पासून तो एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलालाही मिळाला. बर्लिनमध्ये तर २०१८पासून फी नाही, दुपारच्या जेवणाचे महिना २३ युरो तेवढे द्यायचे. हक्क आहे, पण जागा पुरत नाहीत, विशेषतः मोठ्या शहरांत. म्हणून आपली मुलं दिसेल त्या किटाला अर्ज करतात आणि पहिला होकार येईल तिथे धावत जाऊन सही करतात. त्यांची घाई मला कळते, नोकरी वाट पाहत नाही. पण सही करण्याआधी अर्धा तास मिळतोच, आणि त्या अर्ध्या तासात काय विचारायचं हे ठाऊक असायला हवं.

आता मुद्द्यावर येते. १९८०च्या दशकात बर्लिनमध्ये काही बालशिक्षण संशोधकांनी लहान मुलांना किटामध्ये रुळवण्याची एक पद्धत बसवली. ती बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते आणि आज देशभर वापरात आहे. जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने मुलाच्या माणसाशी जडणाऱ्या बंधाविषयी जे मांडलं, ते तिच्या मुळाशी आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गात तासभर बसतात आणि मुलाला घेऊन घरी जातात. सोडून जाण्याचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. चौथ्या दिवशी आई निरोप घेऊन खोलीबाहेर जाते, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. तो दिवस सोमवार असेल तर हे मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी काढलेल्या मुलाला सोमवार जड जातो. मूल रडलं म्हणून काही बिघडत नाही. बघायचं ते हे, की वर्गातल्या ताईंनी जवळ घेतल्यावर ते शांत होतं का. झालं, तर वेळ हळूहळू वाढवायची. दोन-तीन मिनिटांत शांत झालं नाही, तर आईला लगेच आत बोलवायचं आणि पुढचे काही दिवस पुन्हा दोघांनी मिळून बसायचं. कुणाचं आठवड्यात होतं, कुणाला तीन आठवडे लागतात. आई दिसत नसताना मूल त्या ताईंकडून स्वतःची समजूत काढून घेऊ लागलं, की ते रुळलं असं मानतात.

हे जवळून पाहिलेलं एक उदाहरण सांगते. नाशिककडची एक मुलगी, दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आलेली. तिला भिंतीकडेला एका बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "तुम्ही खेळायला लावू नका, बोलवू नका, तो आला तर जवळ घ्या. बाकी नुसतं दिसत राहा." ताई मुलाकडे गेल्याच नाहीत. त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर पालथ्या पडून एक लाकडी गाडी पुढे-मागे करत राहिल्या. पोरगं आईच्या गुडघ्याला धरून बघत होतं. बऱ्याच वेळाने ते दोन पावलं गेलं, गाडीला बोट लावलं आणि पळत परत आलं. ताईंनी मान वर करून हसून पाहिलं, आणि पुन्हा गाडी. त्या दिवशी एवढंच घडलं. आईला वाटलं, दिवस फुकट गेला. मला मात्र तेव्हाच वाटलं, की हिचं पोर योग्य हातांत पडलंय.

परदेशातल्या मुलाच्या बाबतीत हे इतकं महत्त्वाचं का? इथे मूल बालवाडीत जातं तेव्हा बाईंची भाषा त्याला कळते, "आई आत्ता येईल हं" हे वाक्य कळतं. तिथे हे शब्दही नसतात. घरात मराठी, बागेत थोडं इंग्रजी, आणि वर्गात पाऊल टाकताच सगळंच अनोळखी. तिथे आजी नाही, काकू नाही. आई-बाबा सोडले तर सांत्वन करणारं तिसरं माणूस त्याच्या जगात आलेलंच नाही. म्हणून किटा पाहायला गेल्यावर रुळवण्याचे दिवस कसे असतात हे विचारा. माझ्या मुलासाठी एक ताई ठरवून देणार का, त्या आजारी पडल्या तर कोण, आणि गेल्या वर्षभरात किती ताई सोडून गेल्या, हेही विचारा. "सोडून जा, आपोआप रडायचा थांबतो," असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा, ती घरापासून लांब असली तरी. थकून गप्प झालेलं मूल आणि शांत झालेलं मूल यांत फार फरक आहे.

किंडरगार्टन ही संस्था ज्या माणसाने जन्माला घातली, त्याची स्वतःची आई तो नऊ महिन्यांचा असतानाच गेली होती. फ्रेडरिक फ्रोबेल, जन्म १७८२. थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्ग या लहान गावात त्याने मुलांच्या खेळाचं काम सुरू केलं आणि १८४०मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. लाकडी चेंडू, घन, गाणी, आणि मुलांनी स्वतः लावलेले वाफे, असा तो अभ्यासक्रम होता. प्रशियाच्या सरकारने १८५१मध्ये नास्तिकपणाचा आरोप ठेवून किंडरगार्टनवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६०मध्ये. आपल्या नातवाचा चिखल थेट त्या वाफ्यांपर्यंत जातो. पावसातसुद्धा मुलांना बाहेर नेतात; प्रत्येकाच्या खुंटीवर रबरी विजार टांगलेली असते आणि खुंटीवर नावाऐवजी गोगलगाय किंवा साळिंदराचं चित्र, कारण वाचता येणं अपेक्षितच नाही. तीन वर्षांची पोर स्वतःची विजार स्वतः चढवते, धडपडते, आणि ताई थांबून राहतात. स्वतःच्या हाताने जेवण हेही तिथे शिक्षणच. आपल्याकडे चार वर्षांपर्यंत मागे धावून भरवण्याची जी पद्धत आहे, ती किटा सुरू होण्याआधी दोन-तीन महिने तरी सोडवायला हवी, नाहीतर मूल दुपारी उपाशी राहतं. हे सुनेला सांगा, आणि तुम्ही तिकडे असाल तर स्वतःही पाळा.

अक्षरं सहाव्या वर्षी येतात आणि व्यवस्थित येतात. आधी मूल, मग अक्षरं, हा विचार आपल्याकडेही परका नव्हता. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं वर्गापर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पाड्यातल्या अंगणातच बालवाडी भरवली. मुलाला त्याच्या घरापासून तोडायचं नाही ही ती दृष्टी होती. आपल्याच दोन शिक्षिकांनी ते करून दाखवलं, आणि आज आपणच साडेतीन वर्षांच्या मुलाला आकडे येत नाहीत म्हणून कासावीस होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाषेबद्दल दोन शब्द. पुष्कळ आईबाप इंग्रजी माध्यमाची महागडी किटा शोधतात. दोन वर्षांत परत यायचं नक्की असेल तर ठीक. राहायचं असेल तर गल्लीतली जर्मन किटा घ्या. शेजारची मुलं तिथे असतात आणि पुढे शाळेतही तीच भेटतात. सुरुवातीचे काही महिने मूल वर्गात एक अक्षर बोलत नाही, असं होतं. ते ऐकत असतं. त्याला घाबरून आपण घरी मोडकंतोडकं जर्मन बोलू नये. घरात भरपूर, भरघोस मराठी बोलावं, गोष्टी सांगाव्यात; चांगल्या किटातल्या ताईही हेच सांगतात. एक काम मात्र जरूर करावं. पाणी, भूक, शू, दुखतंय, उचलून घे, असे दहा-बारा शब्द ताईंना वाचता येतील अशा लिपीत कागदावर लिहून द्यावेत. तो कागद खुंटीशेजारी चिकटवलेला मी पाहिला आहे, आणि बव्हेरियातल्या प्रौढ बाईंना "दुखतंय?" असं विचारतानाही ऐकलं आहे.

आता सोयीच्या गोष्टी. नवं वर्ष बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, म्हणून अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा. गोवराची लस घेतल्याचा पुरावा २०२०पासून सक्तीचा आहे. इथलं लसीकरण कार्ड जपून न्यावं. रुळवण्याच्या काळात आई किंवा बाबा, दोघांपैकी एकानेच आणि त्याच एकाने बसावं, त्यासाठी तीन-चार आठवडे रजा राखून ठेवावी. त्या दिवसांत आजी-आजोबांनी ती जागा घेऊ नये. तुम्हाला व्हिसावर नव्वद दिवस मिळतात, तर मूल रुळल्यावर जा. "आम्ही आहोत ना, मग किटा कशाला" म्हणून मधेच घरी ठेवू नका, तुम्ही परतल्यावर त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सकाळी किटा, दुपारनंतर तुम्ही. आणि आणायला तुम्ही जाणार असाल तर मुलाला किंवा सुनेला सांगून तुमचं नाव आधी किटामध्ये लेखी द्या आणि पहिल्या दिवशी पासपोर्ट बरोबर ठेवा. त्याशिवाय ताई नातवंड तुमच्या ताब्यात देणार नाहीत.